स्पीडब्रेकरच्या पलीकडे

“काका, एवढे मोठे टायर कशाला? स्टीअरिंग जड होईल,” टायरवाला बागवान म्हणाला. “गाडी खाली घासते का?”

“दोघं बसलो की घासायची,” वामनराव म्हणाले.

कॉलनीच्या तोंडावरचा स्पीडब्रेकर फार उंच होता. तो आला की बायको, कुमुद, दार उघडून उतरायची, पलीकडे चालत जायची आणि पुन्हा बसताना म्हणायची, “गाडीला माझंच ओझं होतं. तुमचं पोट तिला दिसत नाही.” मोठी चाकं बसवू, असं वामनराव दर दिवाळीला म्हणायचे. या दिवाळीआधी ती गेली.

“आणि आता?” बागवानने विचारलं.

“आता एकटाच असतो, घासत नाही. तरी बसव.”

बागवानने मोठी चाकं चढवली आणि गाडी जॅकवरून खाली सोडली. ती बोटभर उंच दिसत होती.

घरी येताना स्पीडब्रेकर आला आणि गाडी न घासता पार झाली. पलीकडे वामनरावांनी सवयीने ब्रेक लावला आणि वाकून डावीकडचं दार उघडलं.

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. “काका, कुणी यायचंय का?”

“नाही,” म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं.