थोरली

ऑफिसात डेटाबेस तीन, तिन्हींच्या भाषा तीन, आणि तिन्ही भाषा येणारे एकटे तात्या. सगळ्यात जुन्या, हट्टी डेटाबेसला ते लाडाने ‘थोरली’ म्हणत.

नवी इंजिनियर म्हणाली, “तात्या, आता एकच भाषा. तीत विचारलं की तिन्ही डेटाबेस उत्तर देतात.”

“थोरली नाही द्यायची. ती साहेबांनाही भीक घालत नाही, तुला काय घालणार?”

तिने विचारलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत थोरलीने उत्तर दिलं. तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इंजिनियर जेवायला गेल्यावर त्यांनी तोच प्रश्न थोरलीला तिच्या जुन्या भाषेत विचारला. समोरचा चहा पार गार झाला, तेव्हा कुठे उत्तर आलं.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. परक्याला थोरली दारातूनच वाटेला लावते. बसून बोलते ती घरच्या माणसाशीच.