ब्रेक कोण धरतंय?

शेवट आधीच सांगून टाकू: जीप विकली नाही.

गिऱ्हाईक मात्र ठरलं होतं, आणि झुंबरतात्यांना घास गोड लागत नव्हता. त्यांची जुनी जीप कन्हेरीहून बारामतीच्या बाजाराला भाजी घेऊन मुकाट जायची. पण बायकोला, छबूबाईंना शेजारी बसवून त्यांच्या माहेरी, निरवांगीला निघाली, की ब्रेक धरायची. मागची चाकं तापायची, करपल्याचा वास सुटायचा. लायनर बदलले, स्प्रिंगा बदलल्या, केबलही नवी टाकली. अविराज मेस्त्री एकटा चालवून बघायचा, तेव्हा चाकं थंडगार.

"माझ्या माहेराचंच वावडं हाय मेलीला," छबूबाई म्हणाल्या.

"तिला न्हाय, मला हाय म्हणतील तुझे भाऊ," तात्या पुटपुटले.

शेवटी अविराजच मागच्या बाकावर चढून बसला. "चला निरवांगीला. बघतोच आज."

पहिल्याच वळणावर तो ओरडला, "आवं काकी, ब्रेक गाडी न्हाय धरत, तुमी धरताय!"

दोन सीटांमधला हँडब्रेकचा दांडा छबूबाईंनी दोन्ही हातांनी वर ओढून धरला होता.

तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि ते पोट धरून हसले. "आगं, भ्या वाटतं तर मला धरायचं!"

"तुमाला? चारचौघांत?" छबूबाईंनी पदर तोंडाला लावला.

पण त्या दिवशी दांडा सुटला आणि तात्यांचा दंड धरला गेला, तो कायमचा. आता निरवांगीपर्यंत चाकं गार असतात. तापतात ते फक्त तात्यांचे कान.