फुगलेल्या पुंगळ्या

दाबयंत्राचा दांडा अर्ध्यावर अडला. ऑरिननं जोर लावला, तेव्हा कुठे ती पितळी पुंगळी कुरकुरत साच्यात शिरली. दुसरी घेतली, तीही तशीच.

झाडलेल्या काडतुसाची पुंगळी ज्या रिव्हॉल्व्हरमधून झाडली, त्याच्या चक्रातल्या घराएवढी फुगते. साच्यातून दाबून मापात आणल्याशिवाय ती पुन्हा भरता येत नाही. मार्लिसच्या पुंगळ्या ऑरिन कित्येक वर्षं आपल्या गॅरेजमध्ये दाबत आला होता. तिच्या रिव्हॉल्व्हरची घरं घट्ट, त्यामुळे तिच्या पुंगळ्या साच्यात सहज जायच्या. या मूठभर पुंगळ्या मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी सैल रिव्हॉल्व्हरमधल्या होत्या. मार्लिसला नेमबाजीच्या मैदानावरचं सगळं पितळ वेचून आणायची सवय होती, आणि तीच आता तिच्या अंगाशी आली होती.

म्हणजे बुधवारी नेमबाजीला ती एकटी नव्हती.

शनिवारची सकाळ ऑरिनच्या घरी त्या दोघांची ठरलेली. मार्लिसनं न विचारता फडताळातून त्याचा कप काढला, कॉफी ओतली, स्वतः भाजून आणलेल्या सफरचंदाच्या ‘पाय’चा तुकडा पुढे सरकवला.

“बुधवारी कुणाबरोबर होतीस?” त्यानं विचारलं.

“नेम धरत होते. बाकी कुणाकडे बघायला वेळ कुठे होता?”

“या पुंगळ्या तुझ्या नाहीत.”

“मग तुझे हात म्हातारे झाले असतील.” ती हसली, पण त्याच्याकडे न बघता. मग हळूच म्हणाली, “तुला एक सांगायचंय, ऑरिन. पण तू असं तोंड करून बसलास की नाही सांगवत.”

ते न सांगताच ती उठली. ती गेल्यावर तो तुकडा बशीत तसाच पडून राहिला.

त्याच्या डोळ्यांपुढे ड्वेन उभा राहिला. बिलिंग्ज शहरातून नुकताच आलेला, बायको वारलेला, दात दाखवत हसणारा. नेमबाजीच्या क्लबात मार्लिसनं भाजलेल्या ‘पाय’ची तारीफ तो जरा जास्तच करायचा. ऑरिन आतल्या आत जळत होता. मार्लिस आपली, हे तो धरूनच चालला होता. ती गेली तर त्याच्या वाट्याला कुत्रा आणि मोंटानाचा लांबलचक हिवाळा, एवढंच उरणार होतं.

उरलेल्या तीन-चार पुंगळ्या त्यानं दाबल्याच नाहीत. फुगलेली पुंगळी घट्ट घरात शिरत नाही. जिथं फुगली तिथंच ती सुखानं बसते. रविवारी त्या कोटाच्या खिशात टाकून तो क्लबात गेला. तिथं सगळे दुरुस्तीसाठी आपापली हत्यारं त्यालाच दाखवायचे, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

“तुझं चक्र हलतंय वाटतं,” तो ड्वेनला म्हणाला. ड्वेननं रिव्हॉल्व्हर रिकामं करून मुकाट्यानं त्याच्या हातात दिलं.

पुंगळी तोंडाशीच अडली. ऑरिननं एकेक करून सगळी घरं बघितली. कुठेच ती आत जाईना.

त्याच्या मनावरचं ओझं उतरलं, पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. ड्वेनच्या टोपीची त्यानं उगाच तारीफ केली. पुंगळ्या मैदानावर आधीपासून पडलेल्या असतील, मार्लिसनं त्याही वेचल्या असतील. शनिवारी तिची माफी मागायची, तिचं ते सांगणं नीट ऐकून घ्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

“माझंही बघ की जरा,” शेजारच्या बाकावरून नॉर्बर्ट म्हणाला. हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यानं बंदुकीला हात लावला नव्हता. टीव्हीपुढे पडून असायचा. आज मात्र गडी ताजातवाना दिसत होता. वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर चक्र उघडून त्यानं पुढे केलं.

ऑरिननं हसत हसत पुंगळी घरात सोडली. ती अलगद आत जाऊन बसली.

“झिजलंय ना?” नॉर्बर्ट म्हणाला. “पण बुधवारी मजा आली रे. घरात आम्ही कित्येक वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हतो. आणि परवा मार्लिसच म्हणाली, पुन्हा पहिल्यासारखा संसार करून बघू. बायकोच असं म्हणाल्यावर मी नाही कसं म्हणणार?”