हेडमास्तरांचं शोकपत्र

भाईदास मास्तरांनी फळ्यावर ‘ऑन’च्या जागी ‘अ‍ॅट’ लिहिलं, तेव्हा हेडमास्तरांनी भर वर्गात त्यांच्या हातातून खडू काढून घेतला. “घोडेबाजारातलं इंग्रजी सारंगखेड्यालाच ठेवून येत जा, मास्तर!” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाराखडीच्या वर्गावर बसवलं. अडतीस सालच्या माघात मास्तर गेले, ते ‘इंग्रजीत कच्चा’ हा शिक्का घेऊनच.

दहाव्याला शाळेचा शिपाई हेडमास्तरांचं इंग्रजी शोकपत्र घेऊन मास्तरांच्या गावी, कोरीटला आला आणि पोच घ्यायला ओट्यावर थांबला. मास्तरांची मुलगी कमल बापाकडूनच इंग्रजी शिकलेली. ती पेन्सिल घेऊन पत्रावर वाकली.

“काय करी ऱ्हायनी वं?” दगू आत्यानं विचारलं.

“चुका हुडकी ऱ्हायनू. एक सापडनी तं शिपाईनाच हातमा परत धाडसू.”

‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’, ‘ऑफ’, एकेका शब्दाखाली पेन्सिल धरून तिनं तीनदा तपासलं. सगळे जिथल्या तिथे होते, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

“म्हंजे मन्हा भाऊच कच्चा व्हता म्हन ना!” आत्या म्हणाली.

बारीक शब्दांचा नाद सोडून कमलनं पहिल्यांदाच पत्र सलग वाचलं.



शेवटच्या ओळीत तिच्या बापाच्या जागी अजून शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांचंच नाव होतं. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा हेडमास्तरांनी हे पत्र भाईदास मास्तरांकडूनच लिहून घेतलं होतं.