भरलेलं पिंप

काठी टाकीतून बाहेर काढून नितेशने ओली खूण बघितली. कालच्यापेक्षा वीतभर खाली.

"चोरी आहे ही," तो म्हणाला. "आज काढतोच त्यांना."

श्रुतिका टाकीच्या सावलीत बसून राहिली. राग यायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. पाऊस संपला होता. अंधेरीतल्या त्या इमारतीच्या गच्चीवर ताडपत्र्या बांधून दोघा भावंडांनी ही टाकी भरली होती, आणि आता पुढच्या पावसापर्यंत एवढंच. आधी ताप आला, मग वीज गेली, मग माणसं. खाली रस्त्यावर कमरेएवढं गवत माजलं होतं. मेट्रोच्या पुलावर एक गाडी उभी होती, ती तशीच.

'त्यांना' म्हणजे रीटाला आणि तिच्या तान्ह्या मर्विनला. आंबोलीच्या गावठाणातली ही मुलगी, श्रुतिकाहून थोडीशीच मोठी, पोराला छातीशी बांधून आली होती. नितेशनेच तिला दुसऱ्या मजल्यावरचं घर उघडून दिलं. रोजचा एक तांब्या पाणी ठरलं. आता तोच हातात पहार घेऊन जिना उतरत होता.

रीटा दारातच बसली होती. मर्विन रडत नव्हता. श्रुतिकाने सवयीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचा हात थबकला. टाळू खोल गेली होती. ओठांवर पापुद्रे. पाणी चोरणाऱ्या बाईचं पोर असं दिसत नाही, तिच्या मनात आलं.

"सामान उचल," नितेश म्हणाला. "वर्सोव्याला जा. तिथे असेल कोणीतरी."

"तिथे काय पिऊ रे? समुद्र?"

"ते तू बघ. टाकी रोज खाली जातेय."

"मग नळ राहिला असेल कुठेतरी उघडा."

"मला नको शिकवू. एकेक कुलूप फोडून बंद केलेत आम्ही."

ते खरं होतं. शेवटी शेवटी पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. घराघरांत लोक नळ उघडा ठेवून, खाली बादली लावून बसायचे. बसून बसून थकले आणि नळ तसेच टाकून निघून गेले. पुढे टाकीत पावसाचं पाणी पडायला लागलं, तेव्हा रिकाम्या इमारतीत सगळीकडे धो धो नळ वाहत होते. टाकीचा वॉल्व गंजून अडकलेला. मग दोघं पहार घेऊन घर न् घर फिरली होती.

"सगळी घरं?" रीटाने विचारलं. "तिसऱ्या मजल्यावर एक कुलूप तसंच आहे ना?"

"ते आमचं घर आहे."

"म्हणून काय त्याला नळ नाही?"

नितेश हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, पण ते चांगलं हसू नव्हतं. "आमच्या आईच्या घरातला नळ? अगं, ती लिफ्टमधून परत यायची. 'नळ बंद केलंस काय गो?' थेंब गळला तरी घर डोक्यावर घ्यायची. ती नळ उघडा ठेवील?"

श्रुतिकाने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

आईला ताप आला तशी तिने दोघांना वरच्या मजल्यावर पिटाळलं आणि आतून कडी घातली. दाराबाहेर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या होत्या. श्रुतिकाने दार वाजवून विचारलं, "आणि तुला गं?" आतून आईचा आवाज आला, "माका आसा पाणी. पिंप भरान ठेवलंय. तुमी जावा." तेव्हा इमारतीत प्रेतं उचलायला अजून माणसं होती. त्यांनी कडी तोडली, आईला चादरीत गुंडाळून नेलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली श्रुतिकाच्या हातात दिली. त्यानंतर दोघांपैकी कोणी त्या दारासमोर थांबलंही नव्हतं.

"दादा, बघून येऊ," ती म्हणाली.

"काय बघायचंय त्यात?"

"या पोराची टाळू बघ. मग नको म्हण."

नितेशने बघितलं. मग तो तिच्या मागे जिना चढला. रीटाही पोराला घेऊन आली.

कुलूप जड गेलं. दार उघडताच तिघांनाही ऐकू आलं. बारीक, न थांबणारा आवाज.

स्वयंपाकघरात नळाला कापसाच्या वातीएवढी धार होती. गंजाने पाइप तुंबला होता, म्हणून तेवढीच. नळ मात्र शेवटच्या आट्यापर्यंत उघडलेला होता. खाली आईचा पेला, काठोकाठ भरून सांडत होता.

नितेशने नळ बंद केला. घर एकदम शांत झालं. पहार त्याने ओट्याला टेकवून ठेवली. मग पेला उचलला, पालथा करून धुतला, पुन्हा नळाखाली भरला आणि रीटापुढे धरला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याला जमलं नाही.

"तापात भान राहिलं नसेल," तो ओट्याकडे बघत म्हणाला. "जन्मभर आपल्याला ओरडली, आणि शेवटी स्वतःच विसरली बघ."

श्रुतिका कोपऱ्यातल्या पिंपापाशी गेली होती. तिने झाकण उचललं. आत कोळ्याचं जाळं होतं. तळाशी एक वाटी पडली होती आणि वाटीने खरवडल्याच्या रेघा होत्या.

"विसरली नाही, दादा," ती म्हणाली. "तहान लागली होती तिला."