चिंचेनं घासलेली पाटी

योगिनीनं पाटीवर मोबाइलचा उजेड धरला. पितळेत तिला आपलाच चेहरा दिसला. अक्षर एकही नाही.

"काका, इथं नाव होतं ना?"

"होतं की," देवराम म्हणाला आणि चिंचेचं फडकं त्यानं पाठीमागं लपवलं.

चर्चची झाडलोट करण्यात त्याची एकेचाळीस वर्षं गेली होती. एका इंग्रज साहेबाची सहा वर्षांची मुलगी नाशकात पटकीनं दगावली, तिच्या आठवणीसाठी साहेबानं हे चर्च बांधलं आणि तिचं नाव या पाटीवर कोरून घेतलं, एवढं त्याला बापानं सांगितलेलं. घरचा तांब्या घासावा तशी देवरामनं ती पाटी दर शनिवारी चिंचेनं घासली. पाटी लखलखत राहिली, नाव झिजत गेलं. करायला गेला एक आणि झालं भलतंच. अलीकडे रविवारी कुणी पाटीपाशी रेंगाळलं, की तो झाडू घेऊन मध्ये जायचा.

योगिनी जुन्या इमारतींची नोंद करायला आली होती. "रजिस्टरं आहेत?"

"वाळवीनं खाल्ली," कमिटीचा नवा सेक्रेटरी सोमनाथ म्हणाला. "म्हाताऱ्यांना विचारलं, तर कुणी मेरी म्हणतं, कुणी मार्गारेट."

"मग मी 'नाव अज्ञात' लिहिते."

देवरामला राहवलं नाही. "लिहू नका, ताई. माझ्याच हातानं गेलंय ते. थांबा जरा."

त्यानं फडक्यावरची चिंच बोटावर घेतली. घासताना ती अक्षरांच्या खाचांत अडकून बसायची आणि तो काडीनं एकेक खाच कोरून साफ करायचा. इंग्रजी त्याला ओ की ठो येत नव्हतं. बोट पाटीवर टेकलं आणि आपसूक चालू लागलं. उभी रेघ, तिला तीन आडव्या. पुन्हा उभी, तिला खाली एक आडवी. पाच अक्षरं झाल्यावर बोट थांबलं.

"एलायझा," योगिनीनं वाचलं.

देवराम तिच्याकडं बघतच राहिला. आजवर तो पाटीवरच्या मुलीला नुसतं 'पोरी' म्हणत आला होता. नाव विचारायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

चिंच वाळायच्या आत योगिनीनं फोटो घेतला.

"सुटलो बुवा!" सोमनाथ म्हणाला. "देवरामकाका, आता ग्रॅनाइटची पाटी लावू. शंभर वर्षं हात लावायला नको."

देवरामनं फडक्याची घडी घातली, परत उलगडली.

"हातच लावायचा नाय," तो म्हणाला, "मग दर शनिवारी पोरीपाशी जायचं कुणी?"