ओळखीचं माणूस

शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला आल्यापासून मुलाने आईला बजावून ठेवलं होतं, "इथं कुणाशी ओळखी वाढवत बसू नकोस." त्या संध्याकाळी तो कामावरून आला तर दाराला कुलूप आणि आईचा फोन आतच वाजत होता. गल्ल्या पालथ्या घातल्यावर ती सापडली कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात, शर्टाला बटणं लावत मजेत गप्पा मारताना. त्याचं डोकंच फिरलं. "ऊठ, घरी चल," म्हणत त्याने तिचा दंड धरला.

शिवणवाल्या बाई हातातल्या कात्रीसकट उठल्या. "आधी हात सोडा. मावशी आमच्या आहेत. तुम्ही कोण?"

त्याने आईकडे पाहिलं. तिने दंड हिसडून सोडवला आणि पुन्हा सुई उचलली.



"घरात रोज दिसतात हे. बोलणं मात्र कधी झालेलं नाही."